कावळ्याचा घास

रानडुकराने गेक चू आंटींना पाडलं हे मीनलला कळलं ते ब्लॉकच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरून, आणि तेही रडक्या चेहऱ्यांच्या लांबलचक रांगेखालून. कुठे पाडलं, किती लागलं, हॉस्पिटलात कोण घेऊन गेलं, यातलं काही सांगण्याआधी लोकांनी आपापला रडका चेहरा टाकून कर्तव्य उरकलं होतं. मीनल ऑफिसातल्या मीटिंगमधून उठली, जिन्यात जाऊन दोघाचौघांना फोन केले, तेव्हा कुठे पत्ता लागला. मनगट मोडलंय, खुब्याला मार बसलाय, पण आंटी शुद्धीवर आहेत आणि भाजीची पिशवी कुठे गेली म्हणून विचारताहेत.

आंटी मीनलच्या समोरच्या दारात राहायच्या. लेक श्रिया तान्ही असताना मीनलने पुन्हा नोकरी धरली ती या बाईंच्या जिवावर. दुपारी पेज भरवायची, झोपवायचं, संध्याकाळी हसरं पोर आईच्या हातात द्यायचं, आणि वर मीनललाच विचारायचं, तू जेवलीस का. या परक्या देशात माहेर म्हणावं असं एकच दार होतं, आणि त्या दारातल्या बाईला एका डुकराने भरदुपारी मागच्या वाटेवर आडवं केलं होतं.

मीनलच्या तळपायाची आग मस्तकात गेली आणि तिथेच मुक्कामाला राहिली.

तसा डुकरांचा उपद्रव नवा नव्हता. सिंगापुरात बुकित पंजांगच्या या टोकाला ब्लॉक, म्हणजे इमारती, संपतात, मागे एक पायवाट आहे आणि वाटेपलीकडे थेट जंगल. फ्लॅट घेताना संजीवने त्या जंगलाचं केवढं कौतुक केलं होतं. संजीव म्हणजे मीनलचा नवरा, एका बँकेत आयटी सांभाळणारा, आणि घरातल्या कुठल्याही प्रश्नाला ‘बघू’ हे एकच उत्तर असणारा गृहस्थ. गेल्या काही महिन्यांत डुकरं जंगलाच्या आत न राहता वाटेवर, मग बाकांपाशी, मग सायकली लावतात तिथवर यायला लागली होती. मीनल सांगत होती, काहीतरी करा. संजीव म्हणत होता, बघू. आता घ्या बघून.

हॉस्पिटलात आंटी हाताला प्लास्टर घालून बसल्या होत्या. कण्हत नव्हत्या, पण डोळे घाबरलेले होते. पिशवी ओढायला आली, मी सोडली नाही, एवढंच त्या पुन्हा पुन्हा सांगत होत्या. निघताना त्यांनी मीनलचा हात धरला आणि इथल्या इंग्रजीत म्हणाल्या, “यू टेल देम, मीनल. कॅच, लाह. आय स्केअर्ड ऑलरेडी.”

त्या दिवसापासून मीनलने हे प्रकरण अंगावर घेतलं. एका परदेशी बँकेत ती नियम न पाळणाऱ्यांच्या मागे लागण्याचंच काम करायची. तो सगळा सराव तिने डुकरांच्या मागे लावला. ईमेल लिहिल्या, सह्या गोळा केल्या, लिफ्टमध्ये लोकांना गाठून त्यांची मतं विचारली. मतं असायला लोकांचं काय जातंय. घरात श्रियालाही मत होतंच. “आई, दे वेअर हिअर फर्स्ट, लाह,” असं ती एअरकंडिशनर लावून, पांघरूण घेऊन म्हणाली. मीनलने तिला जंगलात जाऊन राहायला सुचवलं.

एकट्या आप्पांनी मत दिलं नाही. आप्पा म्हणजे तिचे सासरे, प्रबोध आठल्ये. गेल्या वर्षी सासूबाई गेल्या आणि त्यानंतर काही दिवसांतच ते पुण्याहून इथे आले. आले म्हणजे आणले गेले. त्यालाही कारण घडलं होतं. दहाव्याला घाटावर सासूबाईंच्या पिंडाला कावळा शिवेना. झाडावर ही गर्दी, पण एकही खाली उतरेना. मग जो तो हात जोडून शब्द द्यायला लागला. दिराने घर विकणार नाही म्हणून सांगितलं. नणंदेने तुझा तो राग सोडला म्हणून सांगितलं. ऊन चढलं, गुरुजी घड्याळ बघायला लागले, तेव्हा मीनल पुढे झाली आणि म्हणाली, आई, आप्पांना आम्ही सिंगापूरला नेऊ, काळजी करू नका. कावळ्याने तेही ऐकून घेतलं आणि जागचा हलला नाही. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला आणि सगळे घरी आले. कावळ्याने शब्द घेतला नाही तरी नातेवाइकांनी तो घेतला होता, त्यामुळे आप्पा आले.

आले आणि गप्प झाले. खिडकीशी खुर्ची टाकून बसायचे. जेवायला हाक मारली की यायचे, दोन घास चिवडायचे आणि उठायचे. जेवायच्या आधी मात्र एक घास न चुकता बाजूला काढायचे आणि खिडकीबाहेरच्या कठड्यावर ठेवायचे, कावळ्यासाठी. पुण्यात गच्चीच्या कठड्यावर ठेवत, तसाच. इथे तो वरण-भात खालच्या मजल्यावरच्या बाईंच्या वाळत घातलेल्या चादरीवर पडला. तक्रार झाली, टाउन कौन्सिलची चिठ्ठी आली. मीनलने सांगून पाहिलं की इथे कावळे नावालाच आहेत, जे आहेत त्यांनाही सरकार हाकलत असतं, आणि खिडकीतून काही ठेवायचं, टाकायचं नाही. आप्पा हो म्हणायचे आणि दुसऱ्या दिवशी घास पुन्हा कठड्यावर. तिने हात टेकले होते.

मग एकदम आप्पा सुधारले. दुपारी पाय मोकळे करायला खाली जायला लागले. भात थोडा जास्त लाव म्हणाले. वरणावर तूप सढळ हाताने घाल म्हणाले. रात्री श्रियाला त्यांच्या लहानपणच्या गोष्टी सांगायला लागले, एकदा तर स्वतःच्याच गोष्टीला हसले. मीनलने पुण्याला फोन करून सगळ्यांना कळवलं की आप्पांचं जेवण वाढलंय. फोन ठेवल्यावर ती स्वयंपाकघरात एकटीच थोडी रडली, कारण इतके महिने तिला वाटत होतं की हा माणूस आपल्या घरात, आपल्या डोळ्यांदेखत विझणार आणि आपण नुसत्या पोळ्या लाटत राहणार.

ब्लॉकखालच्या मोकळ्या जागेत, म्हणजे व्हॉइड डेकवर, रविवारी सभा भरली. वन्यजीवांचं काम बघणाऱ्या खात्याकडून मिस चॅन नावाच्या अधिकारी बाई आल्या होत्या. त्यांनी शांतपणे परिस्थिती सांगितली. जंगल तेवढंच आहे, डुकरांना खाणारं जनावर बेटावर उरलेलं नाही, त्यामुळे डुकरं वाढताहेत. दुसरीकडे हरणांचंही तसंच होतंय. ही डुकरं माणसाला घाबरेनाशी झालीत, याचा अर्थ कुणीतरी त्यांना खायला घालतंय. ते आधी थांबायला हवं. आणि पिंजरा लावायचा का, हे लोकांचं म्हणणं ऐकून ठरेल.

पिंजरा म्हणजे पुढे काय, असं कुणीतरी विचारलं. मिस चॅननी आडपडदा न ठेवता सांगितलं की पकडलेल्या जनावराला औषध देऊन मारतात.

झालं. सभेला रंग चढला. एका म्हाताऱ्या काकांनी उठून सांगितलं की आमच्या खेड्यात भाले घेऊन जात असू आणि रात्री सगळ्यांच्या घरी रस्सा असे, उगाच औषधं कसली वाया घालवता. दोन मुली उठून बाहेर गेल्या. एकाने कुंपण सुचवलं, दुसऱ्याने कुंपणाने व्ह्यू जाईल म्हणून सांगितलं. डुकरांना मूल न होण्याचं इंजेक्शन द्या, अशीही सूचना आली. इंजेक्शन टोचायला जाणार कोण, ते मात्र त्या गृहस्थांनी सांगितलं नाही. मग सहजीवनावर बोलायला एक बाई उभी राहिली, आणि मीनलने कपाळावर हात मारला, कारण ती वल्लरी होती. वल्लरी मराठी मंडळातली, राहायला दूर सेरंगूनला, मॉलच्या डोक्यावर. तिच्या घराच्या आसपास रानडुक्कर सोडाच, धड गवत नव्हतं. तिने इंग्रजीत फार सुंदर भाषण केलं. आपण त्यांच्या घरात शिरलो आहोत, असं तिने सांगितलं, आणि काही लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मग मीनल उठली. तिने आंटींच्या मनगटाबद्दल सांगितलं, पिशवीबद्दल सांगितलं. इथे लहान मुलं खेळतात, म्हातारी माणसं फिरतात, माझे सासरेही रोज दुपारी याच वाटेने फिरतात, हेही सांगितलं. आणि कोण हा शहाणा डुकरांना खायला घालतोय, त्याने एकदा आंटींच्या डोळ्यांकडे बघून यावं, असं म्हणून ती बसली. सभा तिच्या बाजूला वळली. पिंजरा लावायचं ठरलं.

मागच्या रांगेत आप्पा बसले होते. इंग्रजी त्यांना चांगलं कळायचं. ते एक शब्दही बोलले नाहीत, आणि मीनलला त्यात नवल वाटलं नाही.

त्यानंतर लगेचची गोष्ट. मीनल त्या दिवशी घरून काम करत होती. ‘प्राण्यांना खायला घालू नका’ अशा पाट्या तिने स्वतः छापून आणल्या होत्या, आणि जेवायच्या सुट्टीत त्या वाटेवरच्या खांबांना बांधायला ती खाली उतरली. आप्पा नेहमीप्रमाणे आधीच फिरायला गेले होते. ती दुसऱ्या खांबाला पाटी बांधत होती तेव्हा झाडांतून आवाज आला. “काव, काव. ये, ये. काव, काव.”

तो आवाज ओळखायला मराठी माणसाला वेळ लागत नाही. मीनल चार पावलं आत गेली. नेच्यांच्या मागे, एका सपाट दगडापाशी, आप्पा स्टीलचा डबा घेऊन उभे होते. दगडावर केळीच्या पानाचा तुकडा, त्यावर वरण-भात, वर तूप, बाजूला तिने सकाळी केलेली भोपळ्याची भाजी. आणि समोरच्या झाडीतून एक भली थोरली डुकरीण, मागे शेपटासारखी लागलेली पिल्लं, अशी सगळी पंगत लगबगीने येत होती. ती आप्पांच्या पायांपर्यंत आली. आप्पा मागे सरकले नाहीत. पिल्लांना वाट करून देण्यासाठी त्यांनी त्या डुकरिणीला हलकेच म्हटलं, “सावकाश गं. पोरांना आधी खाऊ दे.”

मीनलच्या हातातल्या पाट्या खाली पडल्या. डुकरं दचकून झाडीत पळाली. आप्पांनी वळून बघितलं, आणि डब्याचं झाकण लावलं.

घरी येईपर्यंत ती गप्प राहिली, कारण लिफ्टमध्ये माणसं होती. दार लावल्यावर मात्र तिने तोंड सोडलं. आप्पा, तुम्हाला कळतंय का तुम्ही काय केलंत. आंटी कोणामुळे पडल्या. भरदुपारी हातात पिशवी घेतलेलं माणूस बघून ते जनावर धावत का आलं. मी सभेत उभी राहून कुणाला शिव्या घातल्या. हा गुन्हा आहे इथे, दंड होतो, तुमचा इथे राहायचा पास रद्द झाला तर काय तोंड दाखवू मी पुण्याला.

आप्पांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, “खिडकीत ठेवू नका, हवं तर खाली झाडांत नेऊन टाका, असं तूच म्हणाली होतीस.”

म्हणाली होती. चादरीची चिठ्ठी आली त्या दिवशी, वैतागून, भांडी आपटत म्हणाली होती. तिचा संताप दुप्पट झाला आणि तो ठेवायला जागा उरली नाही.

“कावळा आलाच नाही,” आप्पा म्हणाले. “पुष्कळ हाका मारल्या. मग एक दिवस ही आली. पान चाटूनपुसून खाल्लं. तुझ्या सासूच्या वेळेला एवढं ताजं अन्न तसंच उन्हात वाळत पडलं होतं, ते माझ्या डोळ्यांपुढून जात नाही मीनल. इथे रोज कुणीतरी येऊन जेवून जातं. मला बरं वाटतं.”

ते जनावर म्हणजे सासूबाई आहेत, असलं काही त्यांच्या डोक्यात नव्हतं. शाळेत विज्ञान शिकवलेला माणूस होता तो. कुणीतरी हाकेला येतं आणि जेवतं, एवढंच त्यांना पुरत होतं, आणि म्हणूनच मीनलला त्यांना वेड्यात काढता येईना.

तरी तिने ते बंद केलं. डबा उचलून ठेवला, दुपारी एकट्याने खाली जायचं नाही म्हणून बजावलं. संजीवला सगळं सांगितलं. संजीव बराच वेळ कपाळ चोळत बसला आणि म्हणाला, बघू. त्या रात्री ती त्याच्याशी बोलली नाही.

पिंजरा आला. खोलीएवढा, जाड जाळीचा, वरून पडणाऱ्या दाराचा. त्यात मका आणि रताळी टाकली जायची. डुकरं लांबून बघायची आणि निघून जायची. पिंजरा लावणारी माणसं रोज मका बदलायची, ग्रुपवर लोक रोज विचारायचे, आणि सभेनंतर ग्रुपात शिरलेली वल्लरी सेरंगूनहून लिहायची की बघा, प्राण्यांना सगळं कळतं.

प्राण्यांना दुपार कळत होती. घास बंद झाल्यावर ती डुकरीण पिल्लांना घेऊन घास शोधत ब्लॉकपर्यंत यायला लागली. भर बाराच्या सुमाराला ती खेळण्याच्या जागेपाशी उभी राहायची आणि ज्याच्या हातात पिशवी किंवा डबा दिसेल त्याच्याकडे धावायची. एक बाई बाबागाडी घेऊन लिफ्टपाशी उभी होती. डुकरीण थेट तिथे गेली आणि गाडीला अडकवलेली पिशवी ओढायला लागली. गाडी कलंडली. बाळाला काही झालं नाही, कारण पट्टा लावलेला होता. ती चित्रफीत सगळ्या सिंगापुरात फिरली. आंटी हॉस्पिटलातून घरी आल्या त्या दिवशी त्यांना टॅक्सीतून दारापर्यंत न्यायला चार माणसं काठ्या घेऊन उभी होती. त्यानंतर आंटी घराबाहेर पडल्याच नाहीत. दार किलकिलं करून विचारायच्या, गॉन ऑर नॉट?

आणि वर घरात आप्पा पुन्हा खिडकीशी बसले होते. बोलणं बंद, जेवण दोन घासांवर. दुपारी खाली डुकरीण यायची, ती खिडकीतून दिसायची. आप्पा तिच्याकडे बघायचे. मीनल ऑफिसातून घरच्या कॅमेऱ्यात आप्पांकडे बघायची, आणि तिचा जीव मेटाकुटीला यायचा. कुणावर चिडायचं तेच कळेनासं झालं होतं. डुकरं नको होती, आप्पा हवे होते, आणि दोन्हींची गाठ कुणी मारली होती तर तिनेच.

बाबागाडीचा प्रकार झाल्यानंतर एका सकाळी आप्पा आपणहून स्वयंपाकघरात आले. “त्या पिंजऱ्यावाल्या बाईंना फोन लाव,” ते म्हणाले. “ती मक्याला जायची नाही. माझ्या हाकेला येते. उद्या एखाद्या पोराला काही झालं तर ते माझ्या माथी.”

मीनल म्हणाली, आप्पा, तुम्हाला माहीत आहे ना नंतर काय करतात. ते म्हणाले, माहीत आहे, पण एकदा विचार. तिने मिस चॅनना फोन लावला आणि सगळं खरं सांगितलं. खायला घातल्याबद्दल ताकीद मिळेल, त्याचं नंतर बघू, असं मिस चॅन म्हणाल्या. मग मीनलने आप्पांचा प्रश्न विचारला. दुसऱ्या जंगलात नेऊन सोडता नाही येणार? मिस चॅन बाई वाईट नव्हत्या. त्यांनी सांगितलं की बेट छोटं आहे, इथून कुठेही सोडलं तरी तिथेही लोक राहतात, आणि ती डुकरीण आता लोकांकडेच जेवण मागत जाणार. आप्पांनी फोनच्या बाजूला उभं राहून ते ऐकलं आणि मान हलवली.

त्या दिवशी मीनलने सुट्टी काढली आणि स्वयंपाक केला. वरण, भात, तूप, भोपळ्याची भाजी. मीठ घालताना तिचा हात थबकला, कशाला नीट करायचं म्हणून, आणि मग तिने सगळं नीट केलं. आप्पांनी आंघोळ करून धुतलेला सदरा घातला. मिस चॅन आणि त्यांची दोन माणसं झाडाआड उभी होती. आप्पांनी पिंजऱ्यात जाऊन अगदी मागच्या भिंतीशी पान मांडलं, बाहेर आले, आणि मीनलच्या शेजारी उभे राहिले.

मिस चॅननी मान डोलावली. आप्पांनी तोंड उघडलं. आवाज निघाला नाही. त्यांनी घसा खाकरला, पुन्हा तोंड उघडलं, आणि नुसती हवा बाहेर आली. खेळण्याच्या जागेकडून मुलांचा आवाज येत होता. शाळा सुटायची वेळ झाली होती.

मग मीनलने हाक मारली. जन्मात तिने कावळ्याला बोलावलं नव्हतं, ते काम नेहमी मोठ्यांचं. “काव, काव,” ती म्हणाली. “ये, ये. काव, काव.”

झाडी हलली. डुकरीण बाहेर आली, मागे पिल्लं. आवाज नवा होता म्हणून ती थांबली. तिने मीनलकडे पाहिलं, मग आप्पांकडे पाहिलं. आप्पा दिसल्यावर मात्र तिला काही शंका उरली नाही. ती घाईघाईने त्यांच्या अंगावरून, सदऱ्याला घासत, सरळ पिंजऱ्यात गेली. पिल्लं एकमेकांना ढकलत तिच्यामागे गेली. पानापर्यंत पोचल्यावर ती बाजूला सरकली आणि पिल्लांना आधी खाऊ दिलं.

दार पडलं.

पुढचा आरडाओरडा मीनलने ऐकला नाही, असं नाही. सगळा ऐकला. मिस चॅननी आप्पांच्या पाठीवर हात ठेवला, पण आप्पांचं तिकडे लक्ष नव्हतं. लिफ्टमध्ये शिरल्यावर ते म्हणाले, “जेवायला बोलावलं होतं गं आपण तिला.”

मीनलने मजल्याचं बटण दाबलं. इतके महिने तिच्याकडे सगळ्याला उत्तर होतं, चिडायला कुणी ना कुणी होतं. आज कुणी नव्हतं. आपण केलं ते बरोबर केलं, हे तिला पक्कं ठाऊक होतं, आणि त्याने तिळभरही बरं वाटत नव्हतं.

ग्रुपवर अभिनंदनांची रांग लागली. वल्लरीने दुखवट्याचं काळं चौकोनी चित्र टाकलं. आंटी काठी टेकत दाराबाहेर आल्या, लिफ्टपर्यंत जाऊन परत आल्या, आणि मीनलचा गाल थोपटून गेल्या. श्रिया शाळेतून आली तेव्हा तिला कळलंच होतं. ती आजोबांच्या खोलीत जाऊन त्यांच्या शेजारी नुसती बसून राहिली, आणि त्याबद्दल मीनलला तिचं फार कौतुक वाटलं.

दुसऱ्या दिवशी शनिवार होता. दुपारी पानं वाढून झाल्यावर मीनल स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली आणि रोजच्यासारखी हाक मारायला तिने तोंड उघडलं. आप्पा, जेवायला चला. एवढंच म्हणायचं होतं. काल याच तोंडाने जेवायला बोलावलं होतं हे आठवलं आणि तिने तोंड मिटलं. संजीव टेबलाशी बसून तिच्याकडे बघत होता.

तिने आप्पांचं ताट उचललं आणि त्यांच्या खोलीत नेलं. ते खिडकीकडे तोंड करून बसले होते. ती त्यांच्यासमोर पलंगाच्या कडेला बसली, ताट मांडीवर घेतलं आणि वरण-भात कालवला. पहिला घास तिने त्यांच्या देखत स्वतः खाल्ला, नीट चावून, गिळून. मग ताट त्यांच्या हातात दिलं.

आप्पांनी ताटाकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं, आणि जेवायला सुरुवात केली.